कासवाच्या टाकीतील पाणी दर आठवड्याला पुन्हा का नासते? मूळ दोष आणि दुरुस्ती

रविवारी टाकी पूर्ण रिकामी केली, काच आतून-बाहेरून घासली, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ निघेपर्यंत पिळून धुतला आणि ताजे पाणी भरले, तरी बुधवारपर्यंत पाण्यावर दुधाळ झाक येते आणि शुक्रवारी खोलीत पाऊल टाकताच वास जाणवतो, अशी तक्रार घरात पाण्यातील कासव पाळणाऱ्या बहुतेकांची असते. पुण्यातील आमच्या सदनिकेत हे चक्र दीड वर्ष चालू होते. कासव एका नातेवाइकांकडून आले होते आणि त्याच्यासोबत आलेली दोन फुटांची टाकी मी प्रत्येक रविवारी न चुकता धूत असे. पाणी लवकर खराब होऊ लागले की मी अधिक जोर लावून धूत असे आणि त्यानंतर ते आणखी लवकर खराब होत असे. हा संबंध लक्षात यायला मला फार उशीर लागला. त्या काळात कासवाचे डोळे दोनदा सुजले, याची रुखरुख अजून आहे, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

खालील विवेचन रेड-इअर्ड स्लायडर या कासवाविषयी आहे, कारण मत्स्यालयाच्या दुकानांतून घरी येणारे कासव बहुधा तेच असते. डोळ्यामागे लाल पट्टा असलेली ही जात मूळची अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील आहे. आपल्या नद्या-तळ्यांत सापडणारे फ्लॅपशेल कासव किंवा माळरानावरील स्टार कासव घरात ठेवणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. ते कोणाकडे असल्यास टाकी सुधारण्याचा प्रश्न उद्भवतच नाही, वनविभागाशी संपर्क साधावा. स्लायडरबाबत उलट काळजी घ्यावी लागते. ते सांभाळणे जमत नाही म्हणून तळ्यात किंवा नदीत सोडू नये, कारण जगातील सर्वाधिक उपद्रवी शंभर परकीय आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे आणि स्थानिक कासवांचे अन्न व ऊन खाण्याच्या जागा ते बळकावते. दुकानात रुपयाच्या दोन नाण्यांएवढे दिसणारे हे पिल्लू मादी असल्यास २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि योग्य निगा मिळाल्यास वीस-तीस वर्षे जगते, हेही आरंभीच ध्यानात घेतलेले बरे, कारण पुढील सगळे हिशेब त्याच्या आकारावर अवलंबून आहेत.

धुण्यामुळेच पाणी का बिघडते

कासवाची विष्ठा, मूत्र आणि उरलेले खाणे यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. निसर्गातील तळ्याप्रमाणेच टाकीतही या अमोनियाची विल्हेवाट जिवाणू लावतात. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट बनवतात आणि नायट्रोस्पायरासारखे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट बनवतात. पहिले दोन पदार्थ विषारी आहेत. नायट्रेट त्या मानाने सौम्य असून थोडे थोडे पाणी बदलून ते काढता येते. येथे महत्त्वाची गोष्ट अशी की, हे उपयुक्त जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंजच्या छिद्रांत, फिल्टरमधील सच्छिद्र सिरॅमिक रिंगांवर, काचेवर आणि दगडांवर पातळ बुळबुळीत थर करून राहतात. आपण ज्याला घाण समजून घासून काढतो त्यात या जिवाणूंची वस्ती असते, आणि महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन मिसळलेले असते ते जिवाणू मारण्यासाठीच. स्पंज त्या पाण्याखाली पिळला की उरलेली वस्तीही संपते.

यानंतर टाकीत जे घडते त्यातून बुधवारच्या दुधाळ पाण्याचा उलगडा होतो. अमोनिया पचवणारे जिवाणू अतिशय सावकाश वाढतात. त्यांची संख्या दुप्पट व्हायला अनेक तास, कधी अख्खा दिवस लागतो. याउलट उरलेल्या अन्नावर आणि विष्ठेवर जगणारे सामान्य कुजविणारे जिवाणू अनुकूल स्थितीत तासाभरात दुपटीने वाढू शकतात. टाकी निर्जंतुक झाल्यावर मोकळी जागा आणि भरपूर अन्न या दुसऱ्या गटाला मिळते, दोन-तीन दिवसांत ते पाण्यात इतके वाढतात की पाणी धुरकट पांढरे दिसते. आपण घाबरून पुन्हा टाकी धुतो आणि पहिल्या गटाला बाळसे धरू लागताच पुन्हा शून्यावर आणतो. नव्या टाकीत ही वस्ती स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दर रविवारी सर्व धुणाऱ्याच्या टाकीला हे आठवडे कधीच मिळत नाहीत.

कासव फुप्फुसांनी श्वास घेते, त्यामुळे माशाप्रमाणे अमोनियाने ते दिवसभरात दगावत नाही आणि दोष महिनोन् महिने लपून राहतो. दरम्यान डोळे सुजतात, कातडी लालसर होते, कवचावर मऊ डाग पडतात. अमोनिया किती घातक ठरेल हे पाण्याच्या सामूवरही (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे याचे माप) अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी मुक्त स्वरूपात असतो. सामू ८ झाल्यास हेच प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाते, म्हणजे सुमारे दहापट. आपल्याकडे बोअरचे पाणी पुष्कळदा जड आणि अल्कधर्मी असते, त्यामुळे ज्यांच्या टाकीत बोअरचे पाणी आहे त्यांनी चाचणीतील लहान आकड्यालाही हलके समजू नये.

रंग आणि वास यांवरून निदान

काही बदलण्यापूर्वी दोष कोणत्या जातीचा आहे हे ठरवावे, कारण सगळ्या गढूळपणावर एकच उपाय चालत नाही. चाचणीसाठी थेंबांचा टेस्ट किट घ्यावा. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू एवढे चार मोजता आले तरी पुरे. ज्या दिवशी मी पहिल्यांदा मोजमाप केले, त्या दिवशी पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत होते आणि अमोनियाचा रंग मात्र गडद हिरवा आला. दिसायला नितळ पाणी सुरक्षित असेलच असे नाही, हे त्या एका नळीने मला पटवले.

पाणी पांढरट, धुरकट असून धुतल्यानंतर दोन-तीन दिवसांत तसे होत असेल, तर वर सांगितलेला जिवाणूंचा उद्रेक आहे. त्यावर उपाय म्हणजे फिल्टर अखंड चालू ठेवणे, खाणे निम्मे करणे आणि स्पंजला हात न लावणे. पाणी हिरवे असेल तर ते सूक्ष्म शेवाळ आहे. टाकी खिडकीजवळ असते किंवा दिवा रात्रभर जळतो, आणि नायट्रेट वाढलेले असते. पुष्कळ जण कासवाला ऊन मिळावे म्हणून टाकी खिडकीशी ठेवतात, परंतु कवचासाठी आवश्यक असणारे यूव्हीबी (अतिनील) किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. मिळते ती केवळ उष्णता आणि शेवाळ. पाणी चहासारखे पिवळसर परंतु पारदर्शक असेल तर लाकडाच्या ओंडक्यातील टॅनिन उतरत आहे, ते अपायकारक नाही. तरंगणारे करडे कण दिसत असतील तर फिल्टर कमी ताकदीचा आहे किंवा त्याचे तोंड तुंबले आहे. पृष्ठभागावर तेलकट तवंग येत असेल तर खाण्यातील स्निग्ध पदार्थ साचले आहेत आणि पाण्याचा वरचा थर हलत नाही.

वासाचेही दोन प्रकार आहेत. नाकाला झोंबणारा वास अमोनियाचा असतो. सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा असून तो प्राणवायू न पोहोचणाऱ्या जागेतून, म्हणजे खड्यांच्या थराखालून किंवा तुंबलेल्या फिल्टरमधून येतो. तळाशी बारीक रंगीत खडे पसरलेले असतील तर ते सरळ काढून टाकावेत. त्यांच्या फटींत अन्न कुजते, शिवाय स्लायडर ते गिळतात आणि आतड्यांत अडथळा होऊन शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. तळ मोकळा ठेवावा किंवा कासवाच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे मोजकेच ठेवावेत. सौंदर्याच्या दृष्टीने मोकळा तळ अनेकांना रुचत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु सायफनच्या नळीने पाच मिनिटांत मैला ओढून घेता येण्याची सोय मला त्या सौंदर्यापेक्षा मोलाची वाटते.

या ठिकाणी दोन घरगुती उपायांविषयी लिहिणे आवश्यक आहे. रांजणातील गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची आपल्या घरांतील जुनी पद्धत काही जण टाकीलाही लावतात. तुरटीमुळे तरंगणारे कण एकत्र येऊन तळाशी बसतात हे खरे आहे, परंतु अमोनिया आहे तेथेच राहतो आणि पाण्याची अल्कता घटून सामू एकाएकी खाली येऊ शकतो. दुकानांतून मिळणारे निळे औषध, म्हणजे मेथिलीन ब्लू, प्रत्येक धुण्याच्या वेळी टाकण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. त्याने फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंचेही नुकसान होते. या दोन्ही गोष्टी मी वापरून पाहिल्या आहेत आणि दोन्हींमुळे मूळ दुखणे लांबले.

टाकीत खरोखर किती पाणी आहे

निदानानंतरचा पहिला प्रश्न पाण्याच्या प्रमाणाचा आहे. कवचाच्या लांबीच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे सुमारे १५ लिटर पाणी असावे, असा ठोकताळा कासव पाळणारे वापरतात. आमच्या कासवाचे कवच १७ सेंटिमीटर आहे, म्हणजे त्याला सुमारे २५५ लिटर हवेत. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तरी जेमतेम ५६ लिटर पाणी मावते, आणि कासव बाहेर पडू नये म्हणून आपण ती निम्मीच भरतो. अठ्ठावीस लिटर पाण्यात एवढ्या मोठ्या प्राण्याचा दिवसभराचा मैला विरघळत असेल, तर कोणताही फिल्टर लावला तरी आकडे ताळ्यावर येणार नाहीत. वास्तूसाठी शुभ म्हणून काचेच्या वाडग्यात ठेवलेल्या पिल्लांची अवस्था तर याहून बिकट असते. त्या वाडग्यात ना पोहायला जागा, ना अंग वाळवायला, ना फिल्टर बसवायला.

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी घेतली की जागेचा प्रश्न बराचसा सुटतो, मात्र ऊन खाण्याचा फलाट टाकीच्या आत बसवल्यास पाणी ३० सेंटिमीटरच्या वर नेता येत नाही आणि प्रत्यक्षात १६० लिटरच भरतात. म्हणून मी फलाट टाकीच्या वर नेला. अ‍ॅक्रिलिकच्या तक्त्यांची पेटी टाकीच्या काठावर टेकवली, तिच्यात चढायला खडबडीत उतार दिला आणि वरून जाळी लावली. त्यामुळे पाणी ४० सेंटिमीटरपर्यंत भरता आले आणि त्याच टाकीत २१५ लिटर मावले. ठोकताळ्याच्या २५५ लिटरांपेक्षा हे कमीच आहे. ती उणीव मी पुढे सांगितलेल्या मोठ्या फिल्टरने आणि साप्ताहिक पाणीबदलाने भरून काढतो. उतार घसरडा असेल तर कासव चढण्याचे सोडून देते, तेव्हा पहिला आठवडा त्याच्यावर लक्ष ठेवावे.

वजनाचा विचार मात्र खरेदीआधी करावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो; २१५ लिटर पाणी, १० मिलिमीटर जाडीच्या काचेची सुमारे ५० किलो टाकी आणि लोखंडी स्टँड मिळून ही वस्तू तीनशे किलोंच्या आसपास जाते आणि तो भार अर्ध्या चौरस मीटरवर येतो. निवासी खोल्यांच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, इतका भार धरलेला असतो. हा भार संपूर्ण खोलीभर पसरलेला धरतात, त्यामुळे एका ठिकाणी टाकी ठेवल्याने लगेच धोका होतोच असे नाही. तरीही टाकी खोलीच्या मध्यावर न ठेवता तुळईजवळच्या भिंतीलगत ठेवावी आणि इमारत जुनी असेल तर अभियंत्याला दाखवून घ्यावे. बाल्कनीत इतक्या वजनाची टाकी ठेवणे मी टाळतो.

फिल्टर: खोक्यावरचा आकडा आणि प्रत्यक्षातील काम

मत्स्यालयाच्या फिल्टरवर लिहिलेली क्षमता माशांच्या हिशेबाने असते. कासव माशापेक्षा कितीतरी अधिक मैला करते, त्यामुळे टाकीतील पाण्याच्या दोन ते तीन पट क्षमतेच्या टाकीसाठी बनवलेला फिल्टर घ्यावा. आमच्या २१५ लिटरसाठी मी पाचशे लिटरच्या टाकीला चालणारा कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा डब्यासारखा बंद फिल्टर, घेतला. ताशी प्रवाहाचा छापील आकडा रिकाम्या फिल्टरचा आणि उंचीचा अडथळा नसतानाचा असतो; आत स्पंज व रिंगा भरल्यावर आणि पाणी स्टँडखालून वर चढवावे लागल्यावर तो बराच घटतो. टाकीच्या आत चिकटवायचे छोटे फिल्टर पिल्लासाठी ठीक आहेत, परंतु मोठे कासव ते ओढून पाडते.

कॅनिस्टरमध्ये पाणी ज्या क्रमाने फिरते त्याच क्रमाने आधी जाड स्पंज, मग बारीक स्पंज आणि शेवटी सिरॅमिक रिंगा भराव्यात, म्हणजे मैला स्पंजमध्ये अडकतो आणि रिंगांवरील जिवाणूंची वस्ती गाळाने झाकली जात नाही. आमच्याकडे हा क्रम एकदा उलटा झाला होता, आणि सहा आठवड्यांनी उघडले तेव्हा रिंगा चिखलाने लिंपलेल्या निघाल्या.

धुण्याची रीत हाच या दुखण्यावरील खरा उतारा आहे. बादलीत टाकीचेच जुने पाणी काढून घ्यावे आणि स्पंज त्यात दोन-तीन वेळा दाबून मोकळा करावा. पाणी तपकिरी झाले की पुरे, तो पांढराशुभ्र करण्याचा प्रयत्न करू नये. रिंगांना महिनोन् महिने हात लावला नाही तरी चालते, फार तर त्याच बादलीत हलकेच विसळाव्यात. सगळा स्पंज एकाच वेळी नवा घालू नये. निम्मा बदलून उरलेला महिन्याने बदलावा. ज्या दिवशी फिल्टर धुतला त्या दिवशी काच घासू नये, आणि काच घासली त्या आठवड्यात फिल्टर उघडू नये. काचेवरील पांढरे क्षारांचे डाग पाणी कमी केल्यावर व्हिनेगरच्या ओल्या फडक्याने निघतात. ते फडके पाण्यात पडू देऊ नये आणि साबण टाकीच्या जवळ आणू नये.

जुन्या टाकीतून नव्या टाकीत जाताना जुना स्पंज, मग तो कितीही कळकट दिसो, नव्या फिल्टरमध्ये घालावा, कारण जिवाणूंचे विरजण त्यातच असते. माझ्याकडे तेव्हा असे विरजणच उरले नव्हते, म्हणून मी शून्यापासून सुरुवात केली. पहिले तीन आठवडे दर दिवसाआड अमोनिया मोजला, तो प्रतिलिटर १ मिलिग्रॅमच्या वर दिसला की पाव टाकी पाणी बदलले, आणि पाणी दुधाळ दिसत असूनही टाकी धुण्याचा मोह आवरला. दुसऱ्या आठवड्यात नायट्राइट वर चढले, पाचव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले. वस्ती स्थिरावली याची खूण हीच आहे. त्यानंतर आठवड्यातून एकदा पाव हिस्सा, म्हणजे १८ लिटरच्या तीन बादल्या, इतकेच पाणी मी बदलतो आणि नायट्रेट प्रतिलिटर ४० मिलिग्रॅमच्या खाली ठेवतो. काढलेले पाणी फुलझाडांना उत्तम खत आहे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर-पुदिन्याच्या कुंड्यांत मात्र ते घालू नये, कारण निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावर आणि पाण्यातही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. याच कारणावरून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. टाकीची बादली, सायफन आणि स्पंज स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीही धुऊ नयेत, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांना कासव हाताळू देऊ नये.

खाणे, ऊन आणि पाण्याचा स्रोत

फिल्टर ठीक असूनही पाणी बिघडत असेल तर खाण्याकडे वळावे. कासव मालकाला पाहताच काचेवर पंजे आपटते आणि आपण ती भूक समजतो. स्लायडर पोट भरलेले असतानाही असेच वागते. एका वेळी कासवांच्या तयार खाद्याचे त्याच्या डोक्याच्या आकाराएवढे दाणे पुरतात. पिल्लाला रोज आणि मोठ्या कासवाला दिवसाआड दाणे द्यावेत, आणि मोठ्याचा बराचसा आहार पालेभाज्यांचा असावा. सुकवलेली छोटी कोळंबी दुकानात सर्वत्र मिळते, परंतु केवळ तिच्यावर वाढवलेल्या कासवाचे पोषण अपुरे राहते आणि तिची टरफले पाण्यात कुजतात. कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा तुकडा टाकीत तरंगत ठेवला की ते हवे तेव्हा कुरतडते. पालकात ऑक्झलेट अधिक असल्याने तो क्वचितच द्यावा.

दाणे मी वेगळ्या टबमध्ये देतो. टाकीतीलच कोमट पाणी टबात घेऊन कासवाला वीस मिनिटे तेथे ठेवले की खाण्याचा चुरा आणि पुष्कळदा त्यानंतरची विष्ठाही टबातच राहते. ज्या कासवाला उचलल्याने ताण येतो आणि ते खाणेच सोडते, त्याच्यावर याची सक्ती करू नये. त्याला टाकीतच द्यावे आणि दहा मिनिटांत उरलेले जाळीने काढून घ्यावे.

कातडीचे पापुद्रे आणि कवचाचे सोलपट सतत पाण्यात तरंगत असतील तर फलाटावरची व्यवस्था तपासावी. कासवाला पूर्ण कोरडे होता आले पाहिजे. फलाटावर ३० ते ३५ अंश आणि पाण्यात २४ ते २८ अंश तापमान असावे. यूव्हीबी दिवा २५ ते ३० सेंटिमीटर अंतरावर, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक न ठेवता, दिवसातून दहा-बारा तास लावावा. हा दिवा दिसायला लख्ख जळत असला तरी त्यातील यूव्हीबी आधीच ओसरलेले असू शकते, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, साधारण सहा महिने ते वर्षभरात, तो बदलावा. डोळे सुजून बंद राहणे, पोहताना एका बाजूला कलणे, नाकातून बुडबुडे येणे किंवा कवच मऊ पडणे ही लक्षणे पाणी सुधारण्याची वाट पाहण्यासारखी नाहीत. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्यावे.

नळाचे पाणी उघड्या तोंडाच्या ड्रममध्ये चोवीस तास ठेवल्यास मुक्त क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर अँटिक्लोरचे (क्लोरीन निष्प्रभ करणाऱ्या द्रावणाचे) थेंब बाटलीवरील प्रमाणात घालावेत. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येऊ लागला की पाण्याचा स्रोत दर फेरीला बदलू शकतो. त्या दोन महिन्यांत मी पाणी कमी प्रमाणात परंतु आठवड्यातून दोनदा बदलतो आणि प्रत्येक वेळी सामू पाहतो.

हिवाळा, कडक उन्हाळा आणि वीजपुरवठा

डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशिकच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि घरातील टाकीचे पाणी १८-२० अंशांवर येते. कासव खाणे सोडते, आपण मात्र नेहमीप्रमाणे दाणे टाकत राहतो आणि ते तळाशी कुजतात. हिवाळ्यातील गढूळपणाचे हे सर्वांत मोठे कारण आहे. दोनशे लिटरला दोनशे वॅटचा हीटर, भोवती प्लॅस्टिकची जाळी घालून, बसवावा, कारण मोठे कासव काचेचा हीटर फोडू शकते. पाणी बदलण्यापूर्वी हीटर बंद करून पंधरा मिनिटे थांबावे. गरम काच उघड्यावर येऊन पुन्हा पाण्यात बुडली की तडकते. टाकीजवळच्या सर्व वायरी प्लगपेक्षा खाली झोळ देऊन न्याव्यात, म्हणजे वायरीवरून ओघळणारे थेंब प्लगमध्ये न जाता झोळाशी गळतात, आणि त्या जोडणीवर गळती होताच वीज तोडणारा स्विच असलाच पाहिजे.

नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात अडचण उलटी असते. पाणी ३२ अंशांच्या वर गेले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, फिल्टरमधील जिवाणूंना तो कमी पडतो आणि कुजण्याचा वेग वाढतो. पृष्ठभागावरून पंख्याचा झोत सोडल्यास बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरते. बर्फ थेट पाण्यात टाकू नये, बंद बाटलीत गोठवलेले पाणी तरंगत ठेवावे.

वीज जाण्याचा परिणाम मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कॅनिस्टर बंद पडला की आतील जिवाणू शिल्लक प्राणवायू दोन-तीन तासांत वापरून टाकतात आणि त्यानंतर मरू लागतात. वीज परत येताच ते सडके पाणी सरळ टाकीत फेकले जाते आणि आदल्या दिवशी निर्दोष असलेली टाकी दुसऱ्या सकाळी वास मारते. जेथे भारनियमन नेहमीचे आहे तेथे आठवड्याच्या ठरावीक दिवशीच पाणी बिघडत असेल, तर त्याचे वेळापत्रक आणि गढूळपणाचे दिवस एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून पाहावेत. मध्यम कॅनिस्टरला १५ ते २५ वॅट वीज पुरते, त्यामुळे घरगुती इन्व्हर्टरवर तो सहज चालतो. हीटर मात्र त्या जोडणीवर लावू नये. इन्व्हर्टर नसेल आणि फिल्टर तीन तासांहून अधिक बंद राहिला असेल, तर सुरू करण्यापूर्वी तो उघडून आतले पाणी टाकून द्यावे, स्पंज व रिंगा टाकीच्या पाण्यात हलक्या विसळून पुन्हा बसवाव्यात, त्या दिवशी कासवाला खाणे देऊ नये आणि पुढील तीन दिवस सकाळी अमोनिया मोजावा. तो शून्याच्या वर दिसला की दोन बादल्या पाणी बदलावे, आणि स्पंजला हात लावू नये.